मिठाचे फूल आणि तीन कड्या

"मिठाच्या फुलाचे ते छायाचित्र आमच्या मंडळाच्या लेन्सने टिपलेले आहे, यांच्या कड्या तर डब्याबाहेरही आल्या नव्हत्या." रोह्याच्या छायाचित्र मंडळाचे जुने चिटणीस प्रत्येक प्रदर्शनात माझ्यादेखत हे सांगत आले आहेत. छायाचित्राखाली माझ्या नावाबरोबर मंडळाच्या लेन्सचाही उल्लेख हवा, असा आता त्यांचा आग्रह आहे. त्या दिवशी चिटणीस रोह्यात होते आणि मी पेणच्या खाडीत गुडघ्यावर होतो.

ऐन उन्हाळ्यात सकाळच्या एस.टी.ने मी निघालो. सोबत माझ्या तीन एक्स्टेन्शन ट्यूब होत्या, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये आट्यांनी बसणाऱ्या धातूच्या पोकळ कड्या. आत काच नाही, नुसती हवा. लेन्स जितकी पुढे सरकेल तितक्या जवळून वस्तू टिपता येते. मंडळाने आपली लेन्स मला देऊ केली होती, हे खरे. मी ती नाकारली, हेही तितकेच खरे. ती म्हणजे माझ्या लेन्सपुढे चढवायचे भिंग, आणि तशा भिंगांनी चित्राच्या कडा विस्कटतात. कड्यांत बिघडण्यासारखे काही नव्हते आणि काच माझ्याच लेन्सची राहत होती.

नागोठणे, वडखळ मागे पडले. पेणहून बांधाबांधाने चालत आगरात (मिठागरात) पोहोचलो. तिथे मीठ पिकवणाऱ्या सोनीकाकींशी पेणच्या बाजारात ओळख झाली होती. वाफ्यातला मिठाचा थर रोज मोडावा लागतो, नाहीतर तो दगडासारखा धरतो. तरीही काकींनी एक कोपरा माझ्यासाठी न मोडता राखला होता. तिथे पाण्यावर मिठाची फुले तरंगत होती: चौकोनी, पोकळ, पायऱ्यापायऱ्यांची, तांदळाच्या दाण्याएवढी.

मी कड्या चढवत होतो तेवढ्यात काकींचे यजमान आले आणि त्यांनी नेमका तोच कोपरा लाकडी फळीने ओढून सपाट केला. सगळी फुले बुडाली.

"अवो, त्यो कोपरा ठेवाचा व्हता," काकी म्हणाल्या.

"थर दिसला गो. हात रवला नाय."

"मंग हात बांधूनच ठेवते तुमचा." काकींनी फळी काढून घेतली आणि यजमानांना झोपडीत बसवले. मलाही बसवले. नवी फुले धरायला दुपार होणार होती आणि रोह्याची शेवटची गाडी संध्याकाळची. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी खात मी उन्हाकडे पाहत राहिलो. यजमान मान खाली घालून माझ्या पानात चटणी वाढत होते.

वारा पडला तेव्हा फुले पुन्हा तरंगू लागली. तिन्ही कड्या लावताच चित्र अंधारले, कारण लेन्स पुढे गेली की प्रकाश तोकडा पडतो. स्पष्टता तर नखाएवढीही खोल नसते. लेन्स फिरवून उपयोग नसतो. सगळे अंगच पुढेमागे करावे लागते. फळकुटावर गुडघे टेकून मी पाण्यापासून दोन बोटांवर आलो, तर माझीच सावली फुलावर पडली. काकींनी जेवणाची थाळी तिरपी धरून ऊन आत फेकले.

"पानी हललं तं फूल बुरालं समज," त्या हळूच म्हणाल्या. "दम धर."

मी श्वास रोखला, कळ दाबली, आणि फळकूट कलंडले. कॅमेऱ्याचे तोंड कड्यांसकट खाऱ्या पाण्यात गेले. पण चित्र त्याआधीच टिपले गेले होते.

शेवटच्या गाडीने परतलो. मोठे साधन हाती असणे म्हणजे कसब नव्हे, याची खात्री त्या वाटेवर झाली आणि ती आजही ढळलेली नाही. ते फूल मी टिपले, काकींच्या थाळीच्या उजेडात टिपले. छायाचित्राखाली दुसरे नाव घालायचेच असेल तर ते त्यांचे घालावे. चिटणीसांनी वाटेल तेव्हा माझ्या घरी यावे आणि लागेल ते हत्यार आणावे: त्या तिन्ही कड्या आट्यांत मीठ धरून त्या दिवसापासून एकमेकींत जखडल्या आहेत, आणि अजून कोणालाही सुटलेल्या नाहीत.