हळदीचा अंगठा

चित्रकथांच्या मेळ्यात नात मला घेऊन गेली. चित्रकाराच्या सहीसाठी मोठी रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येकाचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत होतं. पान दुमडलेलं नाही, कड मळलेली नाही. ती पुस्तकं कधी उघडली तरी असतील का, देव जाणे.

माझ्या हातातलं पुस्तक बघून नात म्हणाली, "आजोबा, निदान पुसून तरी आणायचं!"

पुसू कशाला? ते माझ्या बायकोचं. तिला अक्षर येत नव्हतं, सहीच्या जागी अंगठा लावायची. मी चौथी शिकलेला. वाचून दाखवतो म्हटलं तर म्हणायची, "गप बसा, मला दिसतंय की." फोडणी देता देता चित्रं बघायची आणि गोष्ट स्वतःच रचायची. छापलेल्या गोष्टीपेक्षा ती चांगली असायची, हे मी कुणालाही सांगेन. तिला जाऊन आठ महिने झाले. वापरलेली वस्तू मळते, आणि गेलेलं माणूस त्या मळातच राहतं. कोऱ्या पुस्तकात कोण राहणार?

चित्रकार माझ्याच वयाचा निघाला. पान उघडून त्यानं पिवळ्या डागावर पेन टेकवलं, तोच मी त्याचा हात धरला.

"तिथं नको. तो बायकोचा अंगठा आहे, हळदीचा. ती गेली."

त्यानं पेन ठेवलं. सगळी पानं सावकाश उलटून बघितली. पानापानावर अंगठा होता.

"मग मी कुठं करू सही?" त्यानं विचारलं.

"करा की," मी म्हटलं, "तिच्या सहीखाली."