नारळाआधीचा शब्द

रेवदंड्याच्या खाडीकाठी धर्माजी सुतार मचवे बांधी. त्याच्या आज्यापासूनची एक रीत होती. नवा मचवा पाण्यात लोटण्याआधी सुताराने फळीला हात लावून मोठ्याने म्हणायचं, "या लाकडावर माझं येणं न्हाय." मगच नारळ फुटे. सुताराचे पैसे थकलेल्या मचव्यावर खलाशी पाय ठेवत नसत.

१९५६ साली करमअलीचा मचवा तयार झाला, तेव्हा त्याच्याकडून नऊशे रुपये यायचे होते. पण सागवान उधार देणाऱ्या वखारवाल्याने थकबाकीपायी धर्माजीवर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला होता. आलेला पैसा तोच उचलणार. इकडे बायजाची, धर्माजीच्या बायकोची, नजर जात चालली होती. दिवाळीच्या आत ऑपरेशन करा, असं मुंबईच्या डॉक्टरने बजावलं होतं.

"करमभाय, सगळे मिळाले म्हनून पावती लिवून देतो. हंगामात गुपचूप दे."

"आणि मचव्याला हात लावून काय बोलशील?"

"बोलतात तेच. लाकडाला कान असतात व्हय?"

करमअली हसला. धर्माजी बोलला, नारळ फुटला, सगळ्या बंदराने ऐकलं.

वखारवाल्याला वास लागलाच. अलिबागच्या कोर्टात करमअलीला शपथ घातली. त्याने एकदा धर्माजीकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "हाय देणं. नऊशे. पावती खोटी."

पैसे वखारवाल्याला गेले. धनकोला मिळू नये म्हणून आपलं येणं लबाडीने दडवलं, असा धर्माजीवर फौजदारी खटला झाला. दोन महिने कैद.

"खोटी शपथ तोंडातून निघेना रे, दादा," करमअली कोर्टाच्या पायरीवर म्हणाला.

"तू बरोबरच बोललास," धर्माजी म्हणाला. "खोटं मी बोललो, तेही फळीला हात लावून."

तो सुटला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. बायजाने त्याला पावलांच्या आवाजावरून ओळखलं. काम मागायला तो नवा मचवा बांधून घेणाऱ्या सदा तांडेलाकडे गेला. "हात तुझा सोन्याचा हाय, धर्मा," सदा म्हणाला. "पण लोटताना तू बोलशील त्यावर आता कोण चढंल?"

करमअलीचा मचवा पुन्हा वाळूवर ओढलेला उभा होता. नारळाआधीचा शब्द खोटा निघाल्यावर खलाशी केव्हाच उतरून गेले होते. उन्हाने फळ्यांचे सांधे उकलले होते.

"करमभायचा मचवा गेला का दर्यात?" बायजाने विचारलं.

धर्माजीने दारातून मचव्याकडे पाहिलं.

"गेला," तो म्हणाला.