तोयोकोचं नाव

आमच्या बंदरावर तोयोको कामाताला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. माझ्या केस कापायच्या दुकानाला लागून तिची लाँड्री. कोळ्याच्या सदऱ्यातला मासळीचा वास काढावा तर तिनेच. पण बाईला ध्यास एकच: हायकूच्या बैठकीत एकदा तरी आपलं नाव पुकारायला मिळावं.

आमच्या बैठकीत कुणी काय लिहिलंय ते कळू द्यायचं नाही. कागदाच्या पट्टीवर बिननावाचा हायकू लिहायचा, पट्ट्या मिसळायच्या, मग दुसऱ्याचा हायकू आपल्या अक्षरात उतरवायचा, म्हणजे अक्षरावरूनही चोर सापडत नाही. प्रत्येकाने एक निवडून मोठ्याने वाचायचा. आपला वाचला गेला की बसल्या जागेवरून आपलं नाव पुकारायचं. कुणीच निवडला नाही, तर तो हायकू बेवारस.

तोयोकोचे वर्षानुवर्षं बेवारस. बाई नाव पुकारायची तालीम करायची, आणि तीही न्हाणीत, दार लावून. माझ्या मागच्या खिडकीतून ऐकू यायचं, “तोयोको! तो-यो-को!” पाठोपाठ तिचा नवरा इवाओ बाहेरून ओरडायचा, “अगं, आग लागली का आत?”

इवाओ जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त करून आता घरी बसलेला. बोलणं मोजकं, तेही खवचट. हायकू म्हटलं की म्हणायचा, “तीन ओळी लिहायला दुपार घालवायची? मी तेवढ्यात पंप खोलून परत बसवतो.”

नवऱ्याचं सोडा, हायकूच वाईट होते. ओळीओळीत फुजी पर्वत, चेरीचा मोहोर, चांदण्यातले क्रौंच. एकदा दुकानातच माझं डोकं फिरलं.

“तोयोको, फुजी तुझ्या माहेरचा आहे का गं?”

“नाही. का?”

“कधी बघितलायस?”

“कॅलेंडरवर,” ती म्हणाली.

“मग त्याला कशाला छळतेस? दिवसभर गावाचे कपडे तुझ्या हातात. कोण कुठे पडला, कुणी कुणावर सूप सांडलं, सगळं तुला ठाऊक. आड भरलेला आहे आणि तू पोहरा घेऊन शेजारी पाणी मागतेस!”

ती रागावून निघून गेली. मला वाटलं, संपली मैत्री.

दुसऱ्या दिवशी ती डोक्याला रुमाल बांधून, वाफाळलेल्या चेहऱ्याने धावत आली. “चिझू, ऐक! शाळामास्तरांच्या कोटाच्या खिशात शिंपले निघाले! कोट धुतला तरी वाळू निघतेय. म्हणजे मास्तर एकटेच किनाऱ्यावर जातात! यात हायकू आहे ना?”

“आहे की!” मी ओरडले. माझ्या हातातल्या गिऱ्हाईकाचा कान थोडक्यात वाचला.

मग बाईला वेडच लागलं. वाफेने धुरकटलेल्या काचेवर बोटाने ओळी लिहायची आणि पुसायच्या आत मला हाक मारायची. देवळातल्या भिक्षूंच्या झग्यावर इस्त्री विसरली. जळका डाग बघून ते काही बोलणार, तोच म्हणाली, “माफ करा, हायकू आला होता.” ते म्हणाले, “आला की थांबत नाही, खरंय.” आणि तोच झगा घालून हिंडले. मला तर रोज सणासारखं वाटायचं.

वर्षातली शेवटची बैठक आली. बैठक चालवणारे म्हातारे नुमाता गुरुजी त्यानंतर मुलीकडे शहरात जाणार होते, आणि त्यांच्यामागे बैठक चालवायला कुणी तयार नव्हतं. तोयोकोला हे माहीत होतं. आता नाही तर कधीच नाही.

त्या दिवशी रस्त्यावर बर्फ गोठलेला, म्हणून इवाओने तिला गाडीतून आणलं. सभागृहातला हीटर बंद पडलेला. तो खाली बसला आणि त्याने हीटर चालू केला. गुरुजी म्हणाले, “आता बसाच. पाहुण्यालाही एक निवडता येतो.”

“मला त्यातलं काही कळत नाही,” इवाओ म्हणाला आणि दाराजवळ बसला.

कागद फिरले. निवडी वाचल्या जाऊ लागल्या. कुणाला देवळाच्या घंटेवरचा बर्फ आवडला, कुणाला उडून गेलेला बगळा. नावं पुकारली जात होती. शिंपल्यांवरचा हायकू तिचाच असं वाटून मी तो निवडला, तर नाव पुकारलं मास्तरांनीच! तोयोको खाली बघत रुमाल पिळत होती. मला रडू यायला लागलं.

उरला फक्त इवाओ. कागद डोळ्यांपासून लांब धरून तो कितीतरी वेळ बघत राहिला. कान लालबुंद झालेले. मग इंजिनाच्या आवाजावर ओरडावं तसा त्याने हायकू वाचला:

“थंड पहाट
मोजे माझे गरम
घोरणं खोटं”

कुणाला काही कळेना. गुरुजींनी विचारलं, “हा का निवडलात?”

इवाओने घसा खाकरला. “एक माणूस पहाटे उठून बायकोचे मोजे स्टोव्हवर शेकतो. मग परत पांघरुणात शिरून घोरतो. त्याला वाटत होतं, तिला माहीत नाही.” त्याने कागदाची घडी घातली. “पकडला गेला बिचारा.”

आता नाव पुकारायचं होतं. आणि तोयोकोच्या तोंडून आवाजच फुटेना! ओठ हलत होते, डोळे वाहत होते, पण नाव काही येईना. मी तिला कोपराने ढोसलं. गुरुजी पुढे वाकून वाट बघत होते.

शेवटी दारापासून इवाओ गरजला, “अगं, बोल की! न्हाणीत तर रोज ओरडतेस!”

सगळे खो खो हसले. तोयोको ताडकन उभी राहिली. बसून पुकारायची रीत, पण कोण बघतो!

“तोयोको!”

“ऐकू नाही आलं,” इवाओ म्हणाला.

“तोयोको!” ती पुन्हा ओरडली, आणि या वेळी दार लावलेलं नव्हतं.