चौथं पान

कवळीवाल्या काकू माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, दातांवरून ओळखतात. रस्त्यात कुणी हसून विचारपूस केली की त्यांची नजर आधी त्याच्या वरच्या ओळीवरून फिरते आणि मगच त्या म्हणतात, "अरे, तुम्ही होय. बऱ्याच दिवसांनी." सव्वीस वर्षं दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्यावर दुसरं काय होणार?

नाण्यांचा नाद त्यांना लावला एका म्हाताऱ्या खलाशाने. कवळी इतकी झकास बसली की खूश होऊन त्याने मूठभर परदेशी नाणी त्यांच्या टेबलावर ओतली. त्या मुठीची पुढे चार खोकी झाली. "लोकांच्या बायका दागिने जमवतात," काकूंचे यजमान पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडे सुट्टे पैसे. आणि तेही इथे चालत नाहीत."

गावात नाणीवाल्यांचं एक मंडळ होतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी सात डोकी जमायची. चित्रकलेचे निवृत्त मास्तर अध्यक्ष होते, कारण जाडजूड कॅटलॉग फक्त त्यांच्याकडे होता. नाणी घासायची नाहीत, हा मंडळाचा पहिला नियम. शुद्ध पाण्यात बुडवून ठेवायचं, दिवस मोजायचे, फार तर लाकडी काडीने हळूच मळ उचलायचा. बेकरीवाल्याने एकदा पितळ घासायची पावडर लावून तीन जुनी नाणी आरशासारखी लखलखीत करून आणली, तेव्हा मंडळ दोन रविवार त्याच्याशी बोललं नव्हतं.

दुसरा नियम चिठ्ठ्यांचा. एकाच नाण्याचे टांकसाळीत पाडता पाडता वेगवेगळे प्रकार होतात. कुठे एखादा ठिपका जास्त, कुठे अक्षर जाड. कुणाला कॅटलॉगात नसलेला प्रकार सापडला, की बाकीच्या सहा जणांनी एकेक करून भिंगातून बघायचं आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता दिसलं ते चिठ्ठीवर लिहायचं. सहाही चिठ्ठ्या जुळल्या तर तो प्रकार शोधणाऱ्याच्या नावासह मंडळाच्या वहीत चढायचा. वहीत अकरा प्रकार होते. मास्तरांचे चार, पोस्टमनदादांचे पाच. आणि बेकरीवाल्याचेसुद्धा दोन. चार वर्षं एकही रविवार न चुकवणाऱ्या काकूंचा एकही नव्हता. काकू वरवर हसायच्या, पण ते बेकरीवाल्याचे दोन त्यांना फार झोंबायचे.

म्हणून त्या रविवारी काकू लवकर आल्या. डबीत कापसावर एका लांबच्या बेटाचं तांब्याचं नाणं होतं. नाण्यावर पक्षी, त्याच्या चोचीत डहाळी. कॅटलॉगातल्या डहाळीला तीन पानं होती, काकूंच्या डहाळीला चार.

"पुस्तकात तीन आहेत," मास्तर म्हणाले.

"पुस्तक छापणाऱ्याने माझं नाणं बघितलं नसेल," काकू म्हणाल्या.

"कवळी करताना एखादा दात जास्त बसतो, तसं तर नाही ना झालं?" पोस्टमनदादांनी विचारलं.

"तुमच्या तोंडात बसवला असता, पण तिथे आधीच जीभ फार आहे."

चिठ्ठ्या सुरू झाल्या. बेकरीवाल्याने तर दोनदा बघितलं. मास्तर एकेक चिठ्ठी उलगडत गेले. चार पानं. चार पानं. चार. सहाव्या चिठ्ठीवर मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'चार. नाइलाज आहे.' मास्तरांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

काकूंनी नाणं परत डबीत ठेवायला उचललं आणि खिडकीतलं ऊन त्यावर तिरपं पडलं. चौथ्या पानाची कड किंचित गुलाबी दिसली. बाकी कुणाला तो तांब्याचा रंग वाटला असता. काकूंना वाटणं शक्य नव्हतं. तो गुलाबी रंग त्या रोज सकाळी नवापासून बोटांना लावून बसायच्या. कवळीच्या साच्याचं मेण.

सगळा उलगडा एका क्षणात झाला. भिंगाखाली नाणं हलू नये म्हणून त्यांनी ते मेणाच्या गोळीवर दाबून बसवलं होतं, कवळी बसवतात तसं. आधी ही बाजू वर, मग ती बाजू वर. एक कण डहाळीला चिकटून राहिला, त्यावर मळ बसला आणि पान उगवलं.

कुणालाही कळलं नसतं. सहा चिठ्ठ्या टेबलावर होत्या, पेन वहीला टेकायच्या बेतात होतं. काकूंनी बेकरीवाल्याकडे एकदा बघितलं आणि मोठा श्वास घेतला.

"थांबा मास्तर. हे पान माझ्या दुकानातलं आहे. मेणाचं."

मेण मऊ पडावं म्हणून त्यांनी गरम चहाच्या ग्लासाला नाण्याची पाठ क्षणभर टेकवली, काडीचं टोक लावलं आणि पान अलगद सुटून आलं. काडीच्या टोकावर ते तिळाएवढंही नव्हतं. डहाळीला तीनच पानं उरली.

सगळ्यांनी काडीच्या टोकाकडे वाकून बघितलं. मग बेकरीवाल्याच्या पोटातून हसू वर आलं, पाठोपाठ पोस्टमनदादा, आणि शेवटी मास्तर चष्मा काढून डोळे पुसत हसायला लागले.

"सहा जणांनी मेणाला पान म्हणून लिहून दिलं," पोस्टमनदादा म्हणाले. "मी तर देठसुद्धा बघितला."

मास्तरांचं हसू मध्येच थांबलं. त्यांनी वहीकडे बघितलं, मग वहीतली नाणी जपून ठेवलेल्या कपाटाकडे. "काकू, हे अकरा पण याच चिठ्ठ्यांनी आत गेलेत. जरा काडी चालवता का त्यांच्यावरून?"

मग जी मजा आली ती मंडळाने आजवर अनुभवली नव्हती. एकेक नाणं पाण्यात जात होतं, काकूंच्या हातात येत होतं आणि प्रकार गळत होते. मास्तरांचा 'जादा तारा' रंगाचा शिंतोडा निघाला. "घरी चित्र काढताना नाणी बघत बसता वाटतं," काकू म्हणाल्या. बेकरीवाल्याचं 'जाड अक्षर' साखरेचा पाक होता. तो स्वतःच टाळ्या वाजवत होता.

सातवं नाणं पोस्टमनदादांचं. त्याचा 'नऊला शेपटी' हा प्रकार डिंकाचा निघाला. काकूंनी डिंक उचलला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. नऊच्या खाली, नऊच्या पोटात, पुसट आठ होता. टांकसाळीत आदल्या वर्षीच्याच साच्यावर सालाचा नवा आकडा ठोकलेला.

त्यांनी काडी फिरवली. निघेना. पुन्हा फिरवली. आठ धातूचा होता.

"चिठ्ठ्या द्या," त्या एवढंच म्हणाल्या.

या वेळी प्रत्येकाने आधी नखाने, मग काडीने, मग भिंगाने खात्री केली. सहा चिठ्ठ्या, सहा आठ. मास्तरांनी पेन उचललं. "शोध कुणाचा लिहू? नाणं तर पोस्टमनदादांचं."

"नाणं माझं, पण मी नऊ वर्षं डिंक बघत बसलो," पोस्टमनदादा म्हणाले. "काकूंचं लिहा. आणि जरा मोठं लिहा."

मास्तरांनी मोठं लिहिलं. काकूंनी शाई वाळेपर्यंत पानावरून नजर काढली नाही. तोवर बेकरीवाल्याने आपलं दुसरं नाणं पुढे सरकवलं होतं. त्याच्यामागे मास्तर उरलेली दोन घेऊन आणि त्यांच्यामागे बाकीचे आपापल्या डब्या घेऊन, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे.

"एकेक जण या," काकू बाह्या सारत म्हणाल्या. "आणि गडबड करू नका, दुखणार नाही."