दुसरी वाटी

मार्चमधला दुसरा शुक्रवार. दुपारी सव्वातीन. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रंगांच्या कंपनीची मीटिंगची खोली. माझ्यासकट चौदा माणसं. माझं वय एकेचाळीस. पोटातल्या बाळाचे एकतीस आठवडे. पहिलंच.

ऑफिसनं माझं डोहाळजेवण केलं होतं. हिरवी साडी, फुलांची वाडी, पुढ्यात दोन उपड्या वाट्या. रीत अशी की एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पण आमचे साहेब, म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, म्हणाले, "आपण जरा वेगळं करू. एकीखाली खुर्ची आहे, एकीखाली पाळणा. उचल बघू."

सगळे हसले. सगळ्यांना ठाऊक होतं. लॅब इन्चार्जची खुर्ची महिनाअखेर रिकामी होणार होती. मी अर्ज केला होता. सोमवारी मुलाखत होती.

मी डावी वाटी उचलली. खाली चिठ्ठी. ‘पाळणा’.

टाळ्या.

साहेब म्हणाले, "बघ, देवानंच सांगितलं. एवढ्या उशिरा दिलंय त्यानं, आता ते सांभाळ. खुर्चीचं टेन्शन स्नेहलला घेऊ दे."

स्नेहल माझ्या हाताखालची. अर्ज तिनंही केला होता. तिला लॅबचं सगळं काम मीच शिकवलं. ती मान खाली घालून उभी.

मीही हसले. लिहायला लाज वाटते. पण हसले.

घाबरले होते म्हणून हसले. सात महिने घाबरतच होते. छत्तिसाव्या वर्षी एकदा दिवस राहिले होते, पण टिकले नाहीत. तेव्हा ऑफिसात पोटदुखी सांगून दोन दिवस घरी राहिले. या वेळी पाचवा महिना सरेपर्यंत एक माप मोठा ॲप्रन घालून फिरले. कुणाला कळू दिलं नाही. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "ताण घ्यायचा नाही हं." मी हो म्हणायचे. रिक्षात बसले की हिशेब सुरू. स्नेहल बत्तीस वर्षांची. आमच्याकडे निवृत्ती अठ्ठावन्नला. ती बसली की खुर्ची सव्वीस वर्षं अडली. माझी नोकरी उरली सतरा वर्षं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. आणि खुर्चीमागे धावले आणि बाळाला काही झालं तर? हे गणित कुठल्याच बाजूनं सुटत नव्हतं. नवरा म्हणायचा, "तू ठरवशील ते." भला माणूस. पण ठरवायला एकटी मीच.

आदल्या वर्षी प्लँटमधल्या एकाला मुलगी झाली. तेव्हा याच साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "आता जबाबदारी वाढली याची. वरची ग्रेड द्यायला हवी." दोन महिन्यांत दिली.

टाळ्या थांबल्या. चहापाणी बघणाऱ्या मावशी वाट्या उचलायला आल्या. माझा हात आपोआप उजव्या वाटीकडे गेला. अठरा वर्षांची सवय. लॅबमध्ये आम्ही नमुना कधी एकदाच तपासत नाही. दोनदा तपासतो.

मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, राहू द्या ना ती."

तिथंच कळलं. तरी उचलली.

‘पाळणा’.

अक्षर साहेबांचंच. दोन्ही तपासण्यांचं उत्तर एक आलं की आम्ही निकाल पक्का धरतो. माझा निकाल मुलाखतीच्या आधीच लागला होता.

"सर, दोन्हींखाली पाळणाच आहे."

"अगं, गंमत गं! तू पण ना, काहीही तपासत बसतेस."

"तपासायचाच पगार देता सर. सोमवारी माझी मुलाखत आहे की नाही?"

"ही काय वेळ आहे का बोलायची? आधी ओटी भरून घे."

"विषय तुम्ही काढलात. आहे की नाही?"

कुणीतरी वेफर्सची बशी खाली ठेवली. 

"आहे," साहेब म्हणाले.

दोन्ही चिठ्ठ्या मुठीत घेऊन उठले. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत गेले, बाकावर डाव्या कुशीवर पडले. पोट दगडासारखं घट्ट. बाळ हलेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. घड्याळ समोर धरून मोजायला लागले. पंचवीस मिनिटं. शून्य. मीच घाबरवलं याला. गप्प बसले असते तर. एक वाटी कमी उचलली असती तर. पस्तिसाव्या मिनिटाला एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन, तीन. पाच वाजून दहा मिनिटांनी दहावी.

मी पदरानं तोंड पुसलं. तिथंच पडल्यापडल्या मोबाईलवरून कंपनीला ई-मेल केला. माझा अर्ज कायम आहे. एवढंच.

सोमवारी समोर तिघे होते. साहेब मधे. त्यांचा पहिला प्रश्न, "बाळाकडे कोण बघणार?"

मी म्हणाले, "प्लँटमधल्या त्या बाबाला हे विचारलं होतंत का? त्यानं जे उत्तर दिलं, तेच माझ्या नावापुढे लिहा."

साहेबांनी पेनला टोपण लावलं.

गुरुवारी स्नेहलचं नाव लागलं. संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली. रडवेली. "मॅडम, आईशप्पथ, मला चिठ्ठ्यांचं माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं ना? तुझ्या वेळी दोन्ही उचल."

मी मुलाखतीतले माझे गुण लेखी मागितले. उत्तर नाही. मग दोन्ही चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडून तक्रारीचा अर्ज लिहिला. ठाण्यात माजिवड्याला कंपनीचं मुख्य कार्यालय आहे. छत्तिसाव्या आठवड्यात, सुजलेल्या पायांनी तिथं गेले. अर्ज दिला, शिक्का मारून पोच घेतली. मूळ चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत.

उद्यापासून माझी रजा. एकशे ब्याऐंशी दिवस. नोकरी राहील का, माहीत नाही. बाळ नीट येईल का, माहीत नाही. हे लिहितानाही एक हात पोटावर आहे, मोजतोय.

एकशे त्र्याऐंशीव्या दिवशी सकाळी साडेआठला मी गेटवर असेन. पोच बरोबर असेल. घाबरलेली असेन. पण त्या दिवशी पहिला प्रश्न मी विचारीन.