गप्प राहण्याची अट

परवा ऑफिसात नवा लॅपटॉप उघडला, त्या कोऱ्या प्लास्टिकच्या वासाने मला माझा पहिला लॅपटॉप आठवला. मी फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम वापरायचे, त्यामुळे त्यात आधीच घातलेली विकतची सिस्टीम मला नको होती. अटी मान्य नसतील तर तिचे पैसे परत मागा, असं पहिल्याच स्क्रीनवर लिहिलं होतं, म्हणून मी मागितले. ज्याच्याकडून तो घेतला होता, तो नारपोलीचा दुकानदार हसला, "मॅडम, ये तो साथ में ही आता है. सब ओके दबाते हैं." कंपनीला फोन करून करून थकले, तेव्हा कुठे त्यांनी ठाण्याच्या ऑफिसात बोलावलं. तोच लॅपटॉप घेतलेली मैत्रीणही आशेने सोबत आली. त्या थंडगार केबिनमध्ये साहेबांनी चेक पुढे सरकवला आणि त्यासोबत एक कागद. त्यावर लिहिलं होतं की हे मी कुणालाही सांगणार नाही. "माझं काही चुकलंय का?" मी विचारलं. "नाही ताई, तुम्ही बरोबर आहात. म्हणून तर सही हवीय." मैत्रिणीसाठी चेक नव्हता, ती मान खाली घालून बसली होती. मी सही केली नाही, त्यांनी चेक ड्रॉवरमध्ये टाकला. आता मी हे सगळ्यांना सांगते. लोक विचारतात, "मग पैसे मिळाले?" नाही म्हटलं की हसतात आणि ओके दाबतात.