दौतीखालचे पहिले पान

पुढे जे लिहितो आहे ते माझ्या पत्नीलाही ठाऊक नाही. मालवणात कचेरीसमोर बसून मी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहीत आलो. शिक्षण सातवी नापास; तथापि माझ्या भाषेपुढे वकीलही दबतात, हे नमूद करतो. इतरांची गाऱ्हाणी मी न अडखळता लिहिली. मग स्वतःचे लिहिताना टाक का थांबतो?

सिनेमापासून सुरुवात करतो — ते सोपे आहे. गोवा मुक्त झाल्यानंतर मुंबईचा एक तरुण दिग्दर्शक तुरुंगातून पळालेल्या कैद्याचा चित्रपट काढण्यास इकडे आला. मागे कोणतीही कंपनी नाही. कॅमेरासुद्धा उसना आणलेला. खाऱ्या माशांची रिकामी वखार हा त्याचा तुरुंग, डांबर फासलेले बांबू हे खिडकीचे गज. पळण्याची रात्र भर दुपारी काढली — भिंगापुढे काळसर काच धरून. हे सर्व मी आजवर कौतुकाने सांगत आलो. कथा मात्र कोणाची?

तारकर्लीचा सगुण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणारा. गोव्याच्या सत्याग्रहात गेला, पोर्तुगिजांच्या तुरुंगात पडला. माराने उजव्या हाताची दोन बोटे कायमची वाकली. तेथे कैद्यांकडून काथ्या वळून घेत. सगुणाने रोज एक पेड कमरेला लपवला, त्याचे सुंभ केले आणि खिडकीतून उतरला. राजकीय कैदी म्हणून नाव नोंदले जावे, बंदरावर शिपायाची जागा मिळावी, यासाठी त्याने माझ्याकडून अर्ज लिहवून घेतला.

अर्ज अर्जदाराच्या तोंडून लिहितात — ‘मी पळालो’, ‘मी उतरलो’. नाव पहिल्या पानावर असते. दिग्दर्शक चित्रीकरणाच्या परवानगीसाठी माझ्यापुढे बसला असता त्या अर्जाच्या नकलेचे दुसरे पान त्याच्या हाती लागले. कैद्याची खरी हकीकत तो शोधतच होता; वाचता वाचता उठून उभा राहिला. “तात्या, हे तुम्ही सोसलंत?” जन्मात माझ्यासाठी कोणी उठून उभे राहिले नव्हते. आणि मी काय केले? पहिले पान दौतीखाली सरकवले.

पुढे त्याला तपशील हवे झाले. मी तारकर्लीस जाऊन सगुणाला विचारी — गाठ कोणती, पहारा केव्हा बदले. तो आनंदाने सांगे. “तात्यानू, ह्या सगळा अर्जात घालतलास मां?” मी मान डोलावी. गाठ मारून दाखवण्याची पाळी आली तेव्हा मी त्यालाच बोलावले, जाळ्यांच्या गाठी जाणणारा एक गडी म्हणून. आणि दिग्दर्शकाशी त्याचे बोलणे होऊ नये म्हणून दिवसभर दोघांच्या मध्ये उभा राहिलो. पडद्यावर जवळून दिसतात ते हात सगुणाचे आहेत. वाकडी बोटे स्पष्ट दिसतात.

बाजारात सिनेमाचा तंबू लागला तेव्हा सगुण माझ्याशेजारी बसला होता. ‘कथा’ या अक्षरांपुढे माझे नाव आले. त्याला वाचता येत नव्हते. मागे बसलेल्या कोणीतरी मोठ्याने वाचले. खेळ संपल्यावर तो एवढेच म्हणाला, “हात माझे, आणि तुरुंग तुमचो?”

तरीही वेळ गेली नव्हती — हे मला लपवता येणार नाही. महिन्याने अर्जाच्या चौकशीस कारकून आला. सिनेमा त्याने पाहिला होता. सगुणाला समोर उभे करून त्याने मला विचारले, ही हकीकत मुळात कोणाची? सगुणाने माझ्याकडे पाहिले. एवढे होऊनही त्या पाहण्यात भरवसा होता — तो कशाच्या बळावर?

मी म्हणालो, “माझी.”

‘अर्जदाराची हकीकत चित्रपटावरून घेतलेली दिसते, सबब अर्ज नामंजूर.’ कारकुनाला वाक्य जुळेना. ते मी जुळवून दिले.

सगुण अजून रापण ओढतो. माझ्या प्रत्येक अर्जाची शेवटची ओळ ‘तरी विनंती की’ अशी सुरू होते. येथे ती ओळ मी लिहीत नाही.